म्हाताऱ्या पायांची नखं कोणी कापायची?

पायाची नखं कापण्याचं काम आयुष्यात दोनदा दुसऱ्याच्या हातात जातं. एकदा लहानपणी आणि एकदा म्हातारपणी. लहानपणी ते आईकडे असतं, त्याबद्दल कुणाला प्रश्न पडत नाही. म्हातारपणी ते कोणाकडे असावं, याचं उत्तर मात्र ठरलेलं नाही. मुलगा नोकरीला दुसऱ्या गावी, सून दिवसभर बाहेर, नवरा किंवा बायको तितकीच थकलेली. आणि पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा आपल्याकडे मोठा संकोच असतो. ओपीडीत ब्लड प्रेशर तपासायला आलेल्या आजी-आजोबांना मी मोजे काढायला सांगतो, तेव्हा ‘राहू द्या डॉक्टर, पाय बघण्यासारखे नाहीत’ हे वाक्य आठवड्यातून दोनचारदा तरी ऐकतो. हा प्रश्न एका देशाने सरकारी पातळीवर हाती घेतला होता, आणि नंतर हळूहळू सोडूनही दिला. आज त्याची हकीकत सांगतो.

त्याआधी थोडं वैद्यकीय. वय वाढलं की नखं हळू वाढतात, पण जाड होतात. पायाकडचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, वर्षानुवर्षं चपलेचा मार बसलेला असतो, बुरशीचा संसर्ग असतो. काहींचं अंगठ्याचं नख इतकं जाड आणि वाकडं होतं, की वैद्यकाच्या पुस्तकात त्याला मेंढ्याच्या शिंगाची उपमा दिलेली आहे. घरातलं नेलकटर अशा नखाच्या कडेलाही लागत नाही. तळव्याखालची चरबीची गादी पातळ होते, त्यामुळे हाडाचा दाब थेट कातडीवर येतो आणि तिथे घट्टे पडतात, कुरूप होतं. टाचेची कातडी कोरडी पडून भेगा पडतात. यातलं काहीही जिवावर बेतणारं दिसत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. पण दुखतं म्हणून पाऊल नीट टेकलं जात नाही, नीट टेकलं नाही की तोल जातो. शिवाय जाड नखामुळे बूट किंवा बंद सँडल घालता येत नाही, म्हणून मग घरात-बाहेर सगळीकडे सैल स्लिपर. खुब्याचं हाड मोडून आलेल्या पेशंटच्या एक्स-रेवर हे काही दिसत नाही.

आपल्या गावगाड्यात हे काम न्हाव्याचं होतं. त्याच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर नराणी असायची. नराणी म्हणजे नखं काढायचं छोटं, पातळ पात्याचं हत्यार. वर्षाच्या बलुत्यात हजामतीबरोबर नखं काढणंही यायचं. ती व्यवस्था जातीवर उभी होती, ती गेली याबद्दल हळहळण्याचं कारण नाही. पण ती गेल्यावर तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

इंग्लंडमध्ये हे काम रस्त्यावर फिरणाऱ्या ‘कॉर्न-कटर’ लोकांचं होतं. ते ओरडत फिरायचे, चार पैसे घेऊन कुरूप कापायचे. दात उपटणारे, जळवा लावणारे आणि हे, सगळे एकाच पंगतीतले. १७८५ मध्ये डेव्हिड लो नावाच्या लंडनच्या एका गृहस्थाने पायाच्या विकारांवर पुस्तक लिहिलं आणि आपल्या धंद्याला भारदस्त नाव दिलं, ‘कायरोपोडिस्ट’. हात आणि पाय यांच्या ग्रीक शब्दांवरून बनवलेला हा शब्द पुढे दीडदोनशे वर्षं टिकला. आता तिकडे ‘पोडियाट्रिस्ट’ म्हणतात. १८४५ मध्ये लुईस डरलाकर यांचा कुरूप, घट्टे आणि नखांच्या विकारांवरचा ग्रंथ आला. ते राणी व्हिक्टोरियाच्या पायांवर उपचार करायचे. अमेरिकेत अब्राहम लिंकनच्या पायांची काळजी इसाकार झकारी नावाचा कायरोपोडिस्ट घेत असे. लिंकनने त्याला प्रशस्तिपत्र तर दिलंच, पण यादवी युद्धाच्या काळात राजकीय कामगिरीवरही पाठवलं. म्हणजे राजाराणीला आणि राष्ट्राध्यक्षाला पाय बघणारा माणूस होता. प्रश्न होता तो बाकीच्यांचा.

१९१२ मध्ये ब्रिटनमध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये गरिबांसाठी पायांचा दवाखाना सुरू झाला. तोच पुढे ‘लंडन फूट हॉस्पिटल’ म्हणून ओळखला गेला. तिथे गरिबांवर उपचार व्हायचे आणि विद्यार्थी शिकायचे. डॉक्टर मंडळी या लोकांकडे जरा नाक मुरडूनच बघत होती.

मग पहिलं महायुद्ध आलं. चिखलपाण्याने भरलेल्या खंदकांत दिवसचे दिवस उभे राहिल्याने सैनिकांचे पाय सुजायचे, बधिर व्हायचे, सडायचे. याला ‘ट्रेंच फूट’ म्हणत. १९१४-१५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात याने इतके सैनिक निकामी झाले, की पुढे जवानांचे पाय नियमित तपासण्याची, कोरडे मोजे पुरवण्याची आणि पायांना देवमाशाचं तेल चोळण्याची जबाबदारी अधिकाऱ्यांवर टाकली गेली. सरकारला पाय महत्त्वाचे वाटले, कारण त्या पायांनी लढाईला जायचं होतं. पेन्शन घेऊन घरी बसलेल्या पायांना हा मान मिळायला आणखी ४० वर्षं लागली.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली. डॉक्टर, हॉस्पिटल, औषधं, दात, चष्मे, सगळं मोफत. लोकांनी कवळ्या आणि चष्म्यांसाठी इतकी गर्दी केली, की १९५१ मध्ये त्यावर शुल्क लावावं लागलं, आणि त्यावरून एनएचएसचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दात आणि डोळे यांवरून सरकार हादरत असताना पायांचा कोणी विषयही काढत नव्हतं. काही हॉस्पिटलांमध्ये कायरोपोडिस्ट होते, पण सर्वसामान्य म्हाताऱ्या माणसाला आपल्या भागात पाय दाखवायची सोय या नव्या व्यवस्थेत नव्हती.

गंमत अशी, की त्याच १९४८ साली वुल्वरहॅम्प्टन या औद्योगिक शहरातले डॉक्टर जोसेफ शेल्डन यांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी हॉस्पिटलमधले नव्हे, तर आपापल्या घरी राहणारे वृद्ध तपासले होते. आज ही गोष्ट साधी वाटते. तेव्हा ती नवी होती, कारण तोवर डॉक्टरांना म्हातारा माणूस भेटायचा तो खाटेवरच. घरोघरच्या या पाहणीत वृद्धांचं पडणं, जिने चढता न येणं आणि पायांच्या तक्रारी या रोजच्या गोष्टी समोर आल्या. मला वाटतं, वार्धक्यशास्त्राची सुरुवात शोधायची तर असल्या पाहणीत शोधावी.

१९५० च्या दशकात ही पोकळी धर्मादाय संस्थांनी भरून काढली. रेड क्रॉस, महिलांची स्वयंसेवी संस्था, गावोगावच्या वृद्ध कल्याण समित्या यांनी चर्चच्या किंवा क्लबच्या सभागृहात आठवड्यातून एखाद्या दिवशी पायांचे दवाखाने भरवले. कायरोपोडिस्टला थोडं मानधन, आजीबाईंकडून नाममात्र फी, सोबत चहा. जिथे असं मंडळ उत्साही होतं तिथे सोय झाली. जिथे नव्हतं तिथे नाही.

सरकारी दार उघडलं १९५९ मध्ये. आरोग्य मंत्रालयाने स्थानिक आरोग्य प्राधिकरणांना, म्हणजे आपल्याकडच्या महापालिका-जिल्हा परिषदांसारख्या संस्थांना, परिपत्रक काढून कळवलं की आता तुम्ही पायांची सेवा सुरू करू शकता. प्राधान्य कोणाला, तर वृद्ध, अपंग आणि गरोदर स्त्रिया. वृद्ध म्हणजे पेन्शनच्या वयाचे: स्त्रिया ६० च्या पुढे, पुरुष ६५ च्या पुढे. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, कायद्याने या व्यावसायिकांची सरकारी नोंदणी आणि नोंदणी मंडळ आलं, म्हणजे सरकारी सेवेत कोण काम करणार याचाही निकष ठरला.

त्या परिपत्रकात ‘करू शकता’ होतं, ‘केलंच पाहिजे’ नव्हतं. सरकारी कागद वाचायची सवय असलेल्यांना या एका क्रियापदाची किंमत सांगायला नको. काही प्राधिकरणांनी स्वतःचे दवाखाने काढले, पगारी माणसं नेमली, चालता न येणाऱ्यांच्या घरी माणूस पाठवला. काहींनी स्वयंसेवी संस्थांनाच अनुदान देऊन काम भागवलं. काहींनी फारसं काहीच केलं नाही. शेजारच्या दोन परगण्यांत एकीकडे आजीबाईंचे पाय दर दोन महिन्यांनी तपासले जात, तर दुसरीकडे प्रतीक्षायादीत नाव टाकून वाट बघावी लागे.

तरीही या सेवेचं मोल कमी लेखू नये. इथे पात्रता आजारावर नव्हती, वयावर होती. ‘मला काय झालंय’ हे सिद्ध करायची गरज नव्हती. ६५ वर्षांचे झालात, पाय दुखतात, या. कायरोपोडिस्ट नखं कापायचा, घट्टा तासायचा, कुरुपाभोवती लोकरीच्या नमद्याची गोल गादी चिकटवायचा, आणि ते करता करता पायाचा रंग, ऊब, जखम बघायचा. एकट्या राहणाऱ्या कित्येकांसाठी कोणी आपुलकीने स्पर्श करण्याचा तो एकमेव प्रसंग असणार. हे मी अंदाजाने म्हणतो आहे, पण माझ्याकडच्या पेशंटना बघून म्हणतो आहे.

१९६९ मध्ये या विषयावर एक सामाजिक पाहणी प्रसिद्ध झाली. तिचं नाव ‘ट्रबल विथ फीट’, म्हणजे ‘पायांची कटकट’. सार असं, की तक्रारी भरपूर आणि सेवा अपुरी. १९८६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी वृद्धांची पुन्हा पाहणी केली आणि पुस्तकाला नाव दिलं ‘मोअर ट्रबल विथ फीट’! मधल्या १७ वर्षांत १९७४ साली ही सेवा स्थानिक संस्थांकडून थेट एनएचएसकडे आली होती, पण मागणी आणि मनुष्यबळ यांचा मेळ बसलेला नव्हता. वृद्धांची संख्या वाढत होती, प्रशिक्षित माणसं त्या वेगाने तयार होत नव्हती. घरी जाऊन एक पेशंट बघायच्या वेळात दवाखान्यात दोनतीन बघून होतात, त्यामुळे घरभेटींवर पहिली कात्री लागायची. म्हणजे ज्याला चालताच येत नाही, त्याचीच सेवा सर्वात आधी आकसायची.

आता या हकीकतीतला खरा पेच, आणि त्यात आपला भारत येतो.

तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ मध्ये पॉल ब्रँड नावाचे सर्जन आले. कुष्ठरोग्यांचे पाय झडतात ते रोगाने मांस सडतं म्हणून, असा तेव्हाचा समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मुख्य कारण बधिरपणा आहे. दुखतच नाही, म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो. मग उपाय सोपे होतात. जखमेवरचा भार काढा, प्लास्टर घाला, रोज पाय बघायला शिकवा आणि मऊ तळाची चप्पल द्या. त्यासाठी मायक्रोसेल्युलर रबर वापरलं गेलं. आपल्या कुष्ठरोग कार्यक्रमात आजही मोफत वाटल्या जाणाऱ्या एमसीआर चपला त्याच. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तिथे हीच सूत्रं डायबिटीसच्या बधिर पायांना लागू झाली. आज जगभर डायबिटीसच्या पेशंटच्या तळव्याला नायलॉनचा जो १० ग्रॅम दाबाचा धागा टेकवून संवेदना तपासतात, तोही कारव्हिलच्याच कामातून रूढ झाला. वेल्लोरच्या कुष्ठरोग्यांकडून मिळालेलं शहाणपण असं फिरून सगळ्यांच्या उपयोगी पडलं.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये १९८१ च्या सुमारास डॉ. मायकेल एडमंड्स यांनी डायबिटीसच्या पायांसाठी एकत्र क्लिनिक सुरू केलं. डॉक्टर, सर्जन, नर्स, कायरोपोडिस्ट, बूट बनवणारा, सगळे एका खोलीत. १९८६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की अशाने जखमा भरतात आणि पाय कापावे लागण्याचं प्रमाण खूप कमी होतं. १९८९ मध्ये इटलीतल्या सेंट व्हिन्सेंट इथे युरोपातल्या देशांनी ठरवलं, की डायबिटीसच्या गँगरीनमुळे होणाऱ्या अँप्युटेशनचं प्रमाण निम्म्यावर आणायचं. कुरूप कापणाऱ्याचा धंदा आता पाय वाचवणाऱ्याचं शास्त्र झाला होता. या व्यवसायाला शे-दीडशे वर्षं हवा होता तो मान मिळाला.

आणि इथेच म्हाताऱ्यांची नखं मागे पडली. माणसं तेवढीच, पैसा तेवढाच. एका बाजूला डायबिटीसची जखम, तिथे चार दिवस उशीर झाला तर पाय जाईल. दुसऱ्या बाजूला ८२ वर्षांच्या आजी, डायबिटीस नाही, रक्तपुरवठा बरा, फक्त हात पोचत नाही. प्रशासकाने कोणाला आधी घ्यावं? जोखीम मोजायची पद्धत आली, आणि १९९० च्या दशकापासून ‘कमी जोखीम’ असा शिक्का बसलेल्या वृद्धांची नावं यादीतून कमी होऊ लागली. वर्षानुवर्षं येणाऱ्यांना पत्रं गेली की यापुढे तुमची सोय तुम्ही बघा. पात्रता वयावरून आजारावर सरकली ती अशी.

त्याला तात्त्विक आधारही सापडला. नखं कापणं ही आरोग्यसेवा आहे का वैयक्तिक मदत? इंग्लंडमध्ये हा भेद पैशाचा आहे, कारण एनएचएस मोफत, तर सामाजिक मदत उत्पन्न बघून मिळते. २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारने मार्गदर्शक सूचनाच काढल्या. नखं कापणं, पाय धुणं, मलम लावणं ही ‘वैयक्तिक पादनिगा’, ती माणसाने स्वतः, घरच्यांनी किंवा स्वयंसेवी संस्थांनी करायची. पोडियाट्रिस्ट त्यापलीकडचं बघेल. अमेरिकेने तर हा प्रश्न फार आधी मिटवला होता. वृद्धांच्या मेडिकेअर विम्यातून ‘नेहमीची पादनिगा’, म्हणजे कुरूप-घट्टे काढणं आणि नखं कापणं, १९६७ च्या कायद्यानेच वगळली. डायबिटीससारखा गंभीर आजार असेल तर अपवाद.

मग ब्रिटनमध्ये पुढे काय झालं? वृद्धांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांच्या स्थानिक शाखांनी नखं कापण्याची केंद्रं काढली. प्रशिक्षित स्वयंसेवक किंवा कर्मचारी, थोडी फी, नखकात्र्यांचा प्रत्येकाचा वेगळा संच. जिथे शाखा उत्साही तिथे सोय, नसेल तिथे नाही. १९५५ चा सभागृहातला दवाखाना ५० वर्षांनी परत आला. फक्त मध्ये एक पिढी अशी होऊन गेली, की जिला हे हक्काने मिळत होतं.

जोखमीप्रमाणे वाटप करणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. डायबिटीसची जखम आधी, हे कोणताही डॉक्टर सांगेल. माझी तक्रार ‘जोखीम’ शब्दाच्या अर्थाबद्दल आहे. पाय गमावण्याची जोखीम मोजली, पडण्याची मोजलीच नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमधून एक अभ्यास आला. पाय दुखणाऱ्या, ६५ वर्षांवरच्या ३०५ जणांचे दोन गट केले. नखं-घट्ट्यांची नेहमीची देखभाल दोन्ही गटांना मिळाली. एका गटाला त्याशिवाय बुटातल्या गाद्या, योग्य पादत्राणांचा सल्ला आणि त्यासाठी आर्थिक मदत, घोट्या-पावलांचे व्यायाम आणि पडणं टाळण्याची माहिती दिली. वर्षभरात या गटात पडण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झालं. यात एकही औषध नाही. खुब्याच्या एका ऑपरेशनचा खर्च ज्यांनी घरात अनुभवला आहे, त्यांनी या आकड्याकडे नीट बघावं.

आपल्याकडे वृद्धांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांची ओपीडी आहे, डायबिटीस-बीपीचा वेगळा कार्यक्रम आहे. पण ‘माझ्या आईची नखं जाड झालीत, हात पोचत नाही’ हे सांगायला सरकारी दवाखान्यात खिडकी नाही. खरं तर नमुना आपल्याच घरात आहे. कुष्ठरोग कार्यक्रमात पाय पाण्यात भिजवणं, कडक कातडी घासणं, तेल लावणं, रोज तळवा बघणं हे पेशंटला बसवून शिकवलं जातं. टब, पाणी, घासायचा दगड आणि शिकवणारा माणूस, एवढंच साहित्य. ज्येष्ठांच्या ओपीडीच्या दिवशी तोच टब बाहेर काढायला नवा कायदा लागत नाही. नर्सिंग आणि आशा ताईंच्या प्रशिक्षणात अर्ध्या दिवसाची भर पुरेल.

ते होईपर्यंत घरी काय करायचं, हा प्रश्न येणारच, म्हणून थोडक्यात. आंघोळीनंतर नखं मऊ असतात, तेव्हाच कापा. उजेडात बसा, आई-वडिलांचा पाय स्टुलावर घ्या. नख सरळ कापा, कोपरे खोल खणू नका. जाड नख एका दमात कापायला जाऊ नका, आठवड्याला थोडं थोडं कानशीने घासून पातळ करा. कुरूप ब्लेडने कापणं आणि मेडिकलमधली कुरुपाची पट्टी लावणं, दोन्ही डायबिटीस किंवा रक्तपुरवठ्याचा त्रास असलेल्यांनी पूर्ण टाळा. त्या पट्टीत अ‍ॅसिड असतं, ते चांगली कातडीही जाळतं. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या ठेवा, तेल किंवा क्रीम टाचेला लावा, बेचक्यांत नको.

आणि दाखवायचं कधी, कुठे? नखाची कड लाल होऊन पू आला, बोट काळंनिळं किंवा थंड पडलं, किंवा डायबिटीसच्या पेशंटला न दुखणारी जखम दिसली, तर त्याच दिवशी सर्जनकडे किंवा जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. मेंढ्याच्या शिंगासारखं झालेलं नख असेल तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन ते काढून देतात, बोट बधिर करून, दाखल न होता. एवढ्याशा कामासाठी डॉक्टरकडे कसं जायचं, असं घरातले म्हणतील. त्यांना पुढच्या वेळी सोबत घेऊन या.